रॉबिन्सनची दुबार पेरणी : किशोरांच्या साहसकथा आणि मराठवाड्याचे रान

डॅनिअल डिफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) या कादंबरीत एक प्रसंग आहे. निर्मनुष्य बेटावर अडकलेल्या रॉबिन्सनने कोंबड्यांच्या दाण्याची, आता केवळ भुसा उरलेली म्हणून, एक पिशवी खडकाच्या आडोशाला झटकलेली असते. पाऊस होऊन गेल्यावर तेथे जवाचे कोंब दिसू लागतात. प्रथम त्याला हा ईश्वरी चमत्कार वाटतो. मग पिशवी आठवते. पिकलेले दाणे तो जपून ठेवतो आणि पुढे जमीन उकरून त्यांतील सुमारे दोन तृतीयांश बी पेरतो. पेरणीची वेळ चुकलेली असते. पाऊस ओढ देतो आणि पेरलेले बी मातीतच राहते. हाती शिल्लक ठेवलेले मूठभर बी तो पुढच्या ओल्या महिन्यांच्या तोंडावर पुन्हा पेरतो आणि ते साधते. त्यानंतर वर्षातील कोरडे महिने कोणते, ओले कोणते, याचा तक्ताच तो मांडून ठेवतो.

या प्रसंगाला मराठवाड्यात वेगळे नाव देण्याची गरज नाही. ही दुबार पेरणी आहे. मृगाच्या एका सरीवर विसंबून बी मातीत घालणारा, मग पंधरवडाभर आभाळाकडे पाहणारा आणि अखेर उसनवारीने दुसऱ्यांदा बियाणे आणणारा शेतकरी औसा, अहमदपूर, कंधार, मुखेड या तालुक्यांतील मुलाने घरातच पाहिलेला असतो. सगळे बी एकदम पेरायचे नसते, मूठभर मागे ठेवायचे असते, हे शहाणपण त्याला आजीकडून ऐकायला मिळालेले असते. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या या इंग्रजी कादंबरीतील सर्वांत परका समजला जाणारा भाग या मुलाला सर्वांत जवळचा आहे. परंतु मराठीत किशोरांसाठी ज्या संक्षिप्त आवृत्त्या फिरत असतात त्यांत सहसा हाच भाग गाळलेला असतो. वादळ राहते, फुटलेले जहाज राहते, वाळूतील पावलाचा ठसा राहतो, नरभक्षक आणि फ्रायडे राहतात. मडके भाजताना ते वारंवार फुटणे, भाकरीसाठी किती निरनिराळी साधने लागतात याचे रॉबिन्सनला वाटलेले आश्चर्य, शेळ्या माणसाळवताना गेलेली वर्षे, चुकलेली पेरणी, हे सर्व 'कंटाळवाणे' म्हणून वगळले जाते. उरतो तो शूर गोरा मनुष्य आणि त्याचा आज्ञाधारक नोकर. जहाज फुटले तेव्हा हा मनुष्य आफ्रिकेतून गुलाम आणण्याच्या मोहिमेवर निघाला होता, हेही अशा आवृत्त्यांत क्वचितच येते. श्रम गेले आणि पापही गेले. राहिली ती केवळ सहल.

किशोरांच्या साहसकथेविषयी मराठवाड्यात बोलायचे तर आरंभ या कात्रीपासून करावा लागतो. आपल्याकडील बालसाहित्याच्या चर्चेत साहसकथेला 'रंजनप्रधान' या खान्यात टाकून मोकळे होण्याची सवय आहे. संस्कारकथा, विज्ञानकथा, बोधकथा यांची गंभीर चिकित्सा होते. साहसकथेची झाली तरी ती उत्कंठा आणि वेग या दोनच अंगांनी होते. परंतु रानात, बेटावर, बर्फात एकट्या पडलेल्या माणसाची कथा ही मुळात वेगाची कथा नव्हेच. ती संथ आहे. तिचा कणा 'काय घडले' हा नसून 'कसे केले' हा आहे. रूसोने 'एमिल' (१७६२) मध्ये आपल्या मानसविद्यार्थ्याला पहिले पुस्तक म्हणून 'रॉबिन्सन क्रूसो'च द्यावे असे सुचवले, तेही अशाच कारणासाठी. त्यालाही या कादंबरीची काटछाट हवी होती, हे खरे. जहाज फुटण्यापासून सुटकेचे जहाज येण्यापर्यंतचाच भाग ठेवावा, इतर पाल्हाळ टाकावा, असे तो म्हणतो. पण त्याने राखलेला भाग आणि आपल्या रूपांतरकारांनी राखलेला भाग यांत मोठा भेद आहे. रूसोला बेटावरचे काम हवे होते. आपण बेटावरची धामधूम ठेवली.

मराठीत या प्रकारच्या कथेला नेमके नाव नाही, हेही विचार करण्याजोगे आहे. 'साहसकथा' हा शब्द अपुरा पडतो, कारण साहस हे बहुधा आपणहून अंगावर घेतलेले असते आणि येथे संकट न मागता आलेले असते. 'वनवास' या शब्दाला शिक्षेचा आणि धर्माचा रंग आहे. बोलीत मात्र एक नेमका शब्द आहे : तगणे. पीक तगले, गाय तगली, म्हातारी या उन्हाळ्यात तगली. हा शब्द मराठवाड्यात माणूस, जनावर आणि पीक या तिघांनाही भेद न करता लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे प्रयोजक रूपही तितकेच रूढ आहे : तगवणे. 'दुष्काळात चार जनावरं तगवली' असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्यात स्वतः तगण्याचा उल्लेख बहुधा नसतो. तो गृहीत असतो. पाश्चात्त्य परंपरेतील या कथा तगण्याच्या आहेत. मराठवाड्याचा अनुभव तगवण्याचा आहे. या दोन क्रियापदांमधील अंतर आपल्या किशोरसाहित्याने पुरेसे ओळखलेले नाही.

'रान' या शब्दाचेही असेच आहे. पुण्या-मुंबईकडील वाचकाला रान म्हणजे जंगल. लातूरकडील मुलगा 'बाप रानात गेलाय' म्हणतो तेव्हा बाप शेतात गेलेला असतो. जेथे माणसाची वस्ती नाही, वाट चुकते, हाक पोहोचत नाही, त्या जागेसाठी वेगळा शब्द आहे : आडरान. रान आणि आडरान यांच्यामध्ये गायरान, माळ, बरड, पडीक अशा कितीतरी पायऱ्या आहेत. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एकूण भूभागाच्या एक टक्काही नाही. नांदेड जिल्ह्यातील जंगल मुख्यतः किनवट आणि माहूर या तालुक्यांत एकवटलेले आहे. तेव्हा सह्याद्रीतील किर्र झाडीचे वर्णन वाचून मराठवाड्यातील बहुसंख्य मुलांच्या मनात काय उभे राहत असेल, हा प्रश्न रूपांतरकाराने स्वतःला विचारायला हवा. मोगलीचे सिवनीचे जंगल नकाशावर नागपूरपासून फार दूर नाही; तरी लातूरच्या मुलाला ते बेटाइतकेच दूर आहे. याचा अर्थ त्याला मोगली देऊ नये असा नाही. मुलाला परके बेट हवेच असते आणि ते मिळण्याचा त्याला हक्क आहे. 'आपल्या मातीतले तेवढेच मुलांना द्या' हा आग्रह धरणारे समीक्षक मुलांच्या कल्पनाशक्तीवर एक प्रकारची जिल्हाबंदीच लादतात. मागणी आहे ती इतकीच की बेट द्यायचे तर बेटावरील पेरणीसह द्यावे.

मराठी साहसकथेच्या परंपरेला न्याय करायचा तर भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांच्यापासून सुरुवात करावी लागते. ज्यूल व्हर्नची अद्भुत सृष्टी त्यांनी मराठी मुलांच्या घरात आणली आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, हा अस्सल मराठी साहसी मुलगा निर्माण केला. फेणेची चपळाई, त्याचे 'ट्टॉक्', त्याची सायकल हे सारे लोभसवाणे आहे. पण फेणे संकटातून सुटतो तो बुद्धीच्या झटक्याने. त्याला कित्येक दिवस उपाशी राहावे लागत नाही, चूल पेटवता न आल्याने कच्चे खावे लागत नाही. हा दोष नव्हे. तो निराळा रूपबंध आहे. तगून राहण्याच्या कथेला लागणारा काळ, म्हणजे दिवसांमागून दिवस, हा त्या रूपबंधात मावत नाही. प्रौढांसाठीच्या साहित्यात पाहिले तर गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा' (१९५८) मध्ये एकट्या माणसाचे निसर्गात राहणे आहे; पण तो बुधा वृद्ध आहे, मुंबई सोडून राजमाचीला आपणहून परतलेला आहे, आणि त्याचे राहणे हे निसर्गाशी झगडणे नसून त्यात विरघळणे आहे. मराठीतील रॉबिन्सन म्हातारा निघावा, ही बाब आपल्या वाङ्मयीन मनोवृत्तीविषयी बरेच काही सांगून जाते. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकाला जंगल पाहायला शिकवले. तेथे माणूस साक्षी असतो, अडकलेला नसतो. अलीकडच्या काळात वनविभागात काम केलेले सलीम मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' या पुस्तकाला २०१९ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. जंगलात प्रत्यक्ष पायी हिंडलेला मनुष्य किशोरांसाठी लिहितो तेव्हा त्याची दखल घेतली जाते, ही आशादायक गोष्ट आहे. मात्र ते कोल्हापूरकडचे लेखक. मराठवाड्याचे नाव बालसाहित्यात अलीकडे ठळकपणे झाले ते नांदेडचे सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहाला २०२५ चा तोच पुरस्कार मिळाल्यामुळे. कविता येथे आहे. तगण्याची दीर्घ गद्यकथा, किशोरांसाठी म्हणून लिहिलेली, मात्र सहजासहजी आठवत नाही.

तशी कथा मराठवाड्यात लिहिलीच गेली नाही का? लिहिली गेली, ती आपण वेगळ्या कपाटात ठेवली आहे. उदगीर परिसरात वाढलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये आले. आईबाप लहानपणीच गेलेला, बहिणीच्या आधाराने वाढणारा, भुकेलेला, दुसऱ्याच्या दारी राबणारा आणि तरीही शाळेची वाट न सोडणारा मुलगा हा त्या पुस्तकाचा विषय आहे. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांपैकी एका जमातीतील मुलाचे बालपण त्यात आहे. तेथे मुलांना मार सोसण्याची सवय लावली जाते, कारण पुढे पोलिसांचा मार खायचा आहे. तगून राहण्याच्या कोणत्याही पाश्चात्त्य किशोरकादंबरीत याहून कठोर प्रशिक्षण नाही. या दोन्ही ग्रंथांची चर्चा दलित आत्मकथन, भटक्या-विमुक्तांचे साहित्य, विद्रोह, वेदना या सूत्रांनी विपुल झाली आणि ती यथार्थच आहे. परंतु त्यांचा नायक दीर्घकाळ एक लहान मुलगा आहे आणि तो रोज 'आज कसे निभेल' या प्रश्नाला भिडतो, ही साधी गोष्ट प्रबंधांच्या ढिगाऱ्याखाली झाकली गेली. हे ग्रंथ पदव्युत्तर वर्गांत शिकवले जातात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती, त्याच्या वयाचा मुलगा त्यात आहे म्हणून, ते फारसे दिले जात नाहीत.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. भूक हे साहस आहे काय? ज्या मुलाला गावानेच आडरानात टाकले, त्याच्या यातनांना रॉबिन्सनच्या बेटाशेजारी मांडणे म्हणजे अन्यायाला रम्य करणे नव्हे काय? रॉबिन्सनला निसर्गाने अडवले. सोनकांबळ्यांच्या बालकाला माणसांनी. निसर्गाशी लढणाऱ्याला शत्रू क्षमा करण्याजोगा वाटतो, कारण वादळाला हेतू नसतो. जातीला हेतू असतो. हा भेद पुसला तर आत्मकथनाची धार जाईल आणि किशोरवाचकाच्या हाती 'कष्टाने माणूस मोठा होतो' असला गुळगुळीत बोध तेवढा उरेल. हा धोका खरा आहे. त्याला उत्तर एकच संभवते : काटछाट करताना उपाशी राहण्याचे कारणही राखावे. मुलगा उपाशी का आहे हे सांगणारे वाक्य आणि त्याने काय खाल्ले हे सांगणारे वाक्य एकमेकांपासून तोडू नयेत. रॉबिन्सनच्या रूपांतरकारांनी गुलामांच्या व्यापाराचे जे केले तेच आपण 'उचल्या'चे केले, तर ते अधिक अक्षम्य ठरेल, कारण येथे अज्ञानाची सबब चालणार नाही.

तगवण्याचा अनुभव मुलांच्या वाट्याला कोठे येतो, हे पाहायचे तर उसाच्या फडाकडे जावे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, प्रामुख्याने बीडमधून पण नांदेड-लातूरच्या डोंगरकडेच्या गावांमधूनही, मजूर कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पाचटाची कोपी, पहाटे अंधारात सुरू होणारी तोड, आणि कोपीत वा फडाच्या बांधावर धाकट्याला सांभाळणारी आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. पश्चिम महाराष्ट्रात, जुन्नरच्या पट्ट्यात विशेषतः, बिबट्याने उसालाच जंगल मानले आहे; मादी उसात पिले घालते आणि तोडणी करताना ती पिले मजुरांना सापडतात. उसात बिबट्या, बांधावर दोन मुले, आईबाप शंभर पावलांवर पण आडव्या उसाच्या पलीकडे. कोणत्याही कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? या मुलीला ठाऊक असते की खाली वाकलेले लहान मूल बिबट्याला सावज वाटते, धाकट्याला अंधारात कोपीबाहेर बसू द्यायचे नाही, बोलत-गात राहायचे. हे ज्ञान कोणत्याही धड्यात नाही. साखरशाळांविषयी अहवाल पुष्कळ झाले. त्या शाळेत वाचायला देण्याजोगी, त्याच मुलीला नायिका करणारी कादंबरी हवी होती.

कोलंबियातील एका घटनेने २०२३ मध्ये जगाचे लक्ष वेधले, ती या संदर्भात मुद्दाम आठवावी. १ मे रोजी अॅमेझॉनच्या जंगलात एक छोटे विमान कोसळले. त्यातील तिन्ही प्रौढ मरण पावले. उइतोतो या आदिवासी समाजातील चार भावंडे मात्र वाचली. थोरली १३ वर्षांची, धाकटे ११ महिन्यांचे. चाळीस दिवसांनी, ९ जूनला, ती जिवंत सापडली. विमानातले कसाव्याचे पीठ त्यांनी पुरवून खाल्ले, मग जंगलातील फळे आणि बिया. थोरल्या मुलीला आजीने जंगलाची ओळख करून दिली होती. शोध घेणाऱ्या सैनिकांबरोबर आदिवासी शोधकही होते, आणि हेलिकॉप्टरमधून आजीचा ध्वनिमुद्रित आवाज त्यांच्याच भाषेत ऐकवला जात होता : जागेवरच थांबा. ही घटना रॉबिन्सनच्या साच्यात बसत नाही. गॅरी पॉलसनच्या 'हॅचेट' (१९८७) मधील तेरा वर्षांचा ब्रायन कॅनडाच्या जंगलात ५४ दिवस एका कुऱ्हाडीनिशी, एकटा, चुकत-शिकत जगतो. तो आधुनिक रॉबिन्सन आहे आणि ती कादंबरी उत्तमच आहे. पण कोलंबियातील मुलीने स्वतःला शोधून काढले नाही. तिने तिघांना तगवले, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान तिला जन्माच्या आधीपासून साठवलेल्या पेवातून मिळाले होते. आजीची भाषा हे तेथे सुटकेचे साधन ठरले.

आजीची भाषा हा मुद्दा किनवटला नेऊन पाहिला की त्याचे गांभीर्य कळते. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. साग, मोह, तेंदू, चारोळी, बिब्बा यांचे हे रान गोंड, कोलाम, परधान, आंध यांचे घर आहे. बंजारा तांडेही तेथे आहेत. गोंडी, कोलामी, तेलुगू, गोरबोली आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात. निजामाच्या राजवटीत, १९४३ मध्ये, हाइमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने त्याच आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले आणि गोंडीतील प्रवेशिका देवनागरीत तयार झाल्या. म्हणजे या रानातील मुलांसाठी त्यांच्या भाषेतील, आपल्याच लिपीतील वाचनसाहित्य ऐंशी वर्षांपूर्वी शक्य मानले गेले होते. आज आश्रमशाळेतील कोलाम मुलगा मराठी पाठ्यपुस्तकातून जंगलाविषयी जे वाचतो ते बहुधा जंगल वाचवण्याविषयी असते. जंगलात वाचण्याविषयी नसते. आणि त्याला जे ठाऊक असते ते परीक्षेत विचारले जात नाही.

त्याला काय ठाऊक असते? मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचायला अस्वलही येते, म्हणून झाडाखाली जाण्याआधी आवाज करावा. बिब्ब्याच्या फळाचे तेल कातडीवर फोड आणते. पण त्याच्या आतली गोडंबी पौष्टिक असते, आणि फळाचा बोंडासारखा मांसल भाग वाळवून खाता येतो. एकाच फळात विष आणि अन्न यांच्यामध्ये असलेले हे बोटभर अंतर कसे सांभाळायचे, हे एक संपूर्ण प्रकरण होऊ शकते. डिफोने मडके भाजण्यावर जितकी पाने खर्च केली तितकी गोडंबी काढण्यावर खर्च करणारा लेखक किनवटला अद्याप भेटायचा आहे. भेटेल तेव्हा तो बहुधा आश्रमशाळेतून बाहेर पडलेलाच असेल. बाहेरून आलेल्या लेखकाने हे लिहू नये असे नाही. पण 'नाना प्रकारची रानफळे खाऊन मुलांनी भूक भागवली' हे वाक्य लिहिण्याचा मोह त्याने टाळावा. कोणते फळ, कोणत्या महिन्यात, कच्चे की भाजून, हे ज्याला सांगता येत नाही त्याने नायकाला जंगलात नेऊ नये.

हीच अचूकता पाण्याविषयी. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या नद्यांच्या कोरड्या पात्रांत वाळू उकरून झिरा काढणे, त्यात वाटीवाटीने जमणाऱ्या पाण्यासाठी पाळी लावणे, वरचे गढूळ पाणी उपसून टाकून नितळ येईपर्यंत थांबणे, हे बायका-मुलांचे कसब आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आईबापांसोबत कामावर गेलेली, सुकडीवर दिवस काढलेली मुले आज साठी-सत्तरीत आहेत. तरोट्याची भाजी किती दिवस खाता येते हे त्यांना सांगता येईल. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती पाचाहून अधिक लोकांनी जमू नये म्हणून जमावबंदी लागू झाली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली. शहरातच आडरान झाले होते. त्या उन्हाळ्यात घागरींच्या रांगेत दप्तर ठेवून अभ्यास केलेला मुलगा आता विशीत असेल. तो लिहील काय? 'लातूर पॅटर्न'च्या वर्गांत आणि नांदेडच्या शिकवण्यांत, खोली भाड्याने घेऊन राहणारी खेड्यांतील हजारो मुले सध्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे सराव प्रश्न सोडवत आहेत. त्यांच्या वेळापत्रकात अवांतर वाचनाला जागा नाही, हे म्हणणे सोपे आहे. पण बेटावरच्या माणसाची कथा ज्यांना खरोखर समजेल अशी मुले, घरापासून तुटलेली, डब्यावर जगणारी, दिवस मोजणारी, त्याच खोल्यांमध्ये आहेत.

किल्लारीचा विषय काढल्याशिवाय हे विवेचन पुढे जाणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. उन्हाळ्यात गारवा देणारी जाड दगडमातीची भिंत आणि वरचे मातीचे माळवद, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तगवणारे घर, तेच काही क्षणांत मारक ठरले. सात हजारांहून अधिक माणसे गेली. ढिगाऱ्याखालून काही दिवसांनी जिवंत निघालेल्या बालकांच्या वार्ता त्या वेळी वृत्तपत्रांत आल्या आणि त्यांना 'चमत्कार' म्हटले गेले. रॉबिन्सनलाही जवाचे कोंब प्रथम चमत्कारच वाटले होते. पिशवी त्याला नंतर आठवली. किल्लारीवर कविता झाल्या, अहवाल झाले, पुनर्वसनाची चिकित्सा झाली. ढिगाऱ्यातून निघालेले मूल पुढे पत्र्याच्या निवाऱ्यात, मग चौकोनी आखणीच्या नव्या गावात, कोणाच्या हाताने वाढले, रात्री त्याला कोणी जवळ घेतले, पत्र्यावर पाऊस वाजला की काय झाले, हे त्याच्या वयाच्या वाचकाला सांगणारी कथा मात्र राहून गेली. ज्या बालकांना ती सांगता आली असती ती आता चाळिशीच्या आसपास आहेत आणि त्यांची मुले किशोरवयात आली आहेत. औसा आणि उमरग्याच्या नव्या गावांतील शाळांमध्ये वाचनपेट्या आहेत. त्यांत एखादी संक्षिप्त 'रॉबिन्सन क्रूसो'ही असण्याचा संभव आहे, पेरणीचे प्रकरण नसलेली.